कंजूष म्हणण्याआधी करपट्टी बघा

नोव्हेंबर 2025 मध्ये आयपीएलच्या सौद्यांत चेन्नईनं रवींद्र जडेजा आणि सॅम करन राजस्थानला देऊन संजू सॅमसन घेतला. त्या सौद्यात जडेजाचं मानधन 18 कोटींवरून 14 कोटींवर आलं. कोलकात्यानं 23.75 कोटींचा वेंकटेश अय्यर सोडून दिला. लगेच पुण्या-मुंबईत नेहमीचा सूर लागला की मालक धंदेवाईक झाले, खेळाडूंची कदर राहिली नाही. हे एक वेळ ठीक. पण त्याच्या मागोमाग जे येतं त्यानं बॉस्टनजवळ बसलेल्या माणसाचं डोकं फिरतं. म्हणे अमेरिकेत बघा, जिंकायचं असेल तर मालक खिसा मोकळा सोडतो.

कोणत्या अमेरिकेत? जून 2024 मध्ये बॉस्टन सेल्टिक्सनं एनबीए ही बास्केटबॉल लीग जिंकली आणि पुढच्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्या संघाचे ड्रू हॉलिडे आणि क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस हे दोन मोहरे केवळ हिशेबापायी दिले गेले. अल हॉरफर्ड आणि ल्यूक कॉर्नेट करार संपल्यावर निघून गेले. गंमत अशी की हे कळल्यावर तीच मंडळी बॉस्टनच्या मालकाला कंजूष ठरवून मोकळी होतात. उदार आणि कंजूष या दोन शेऱ्यांच्या मधे जी आकडेमोड असते, ती करायची तसदी कुणी घेत नाही.

तर ती करू. 2025-26 साठी एनबीएची पगारमर्यादा 15.46 कोटी डॉलर होती, पण ती ओलांडता येते. फार वर गेलं की संघाला भरावा लागणारा कर, म्हणजे लक्झरी टॅक्स, 18.79 कोटींपासून सुरू होत होता. त्याच्या वर दोन रेषा, ज्या ओलांडल्या की सौद्यांवर बंधनं येतात : पहिला एप्रन 19.59 कोटींवर, दुसरा 20.78 कोटींवर. आता बॉस्टनकडे उन्हाळ्याच्या सुरुवातीला काय होतं ते पाहा : जेसन टेटम 5.41 कोटी, जेलन ब्राऊन 5.31, हॉलिडे 3.24, पोर्झिंगिस 3.07, डेरिक व्हाइट 2.81, सॅम हाउझर 1 आणि पेटन प्रिचर्ड 0.72. बेरीज 21.56 कोटी. सात माणसांतच दुसरा एप्रन ओलांडला, आणि संघात किमान चौदा लागतात.

कर लागतो महावितरणच्या बिलासारखा, टप्प्याटप्प्यानं चढत्या दरानं. त्या हंगामात साधारण 57 लाख डॉलरचा एक टप्पा. पहिल्या टप्प्यात डॉलरला एक डॉलर कर, मग सव्वा, मग साडेतीन, मग पावणेपाच, आणि पुढे दर टप्प्याला अर्धा डॉलर वाढ. हे झालं साध्या संघाचं. मागच्या चारपैकी तीन हंगामांत कर भरला असेल तर संघ 'रिपीटर' होतो, आणि तेच दर 3, सव्वातीन, साडेपाच, पावणेसात असे सुरू होतात. बॉस्टननं 2022-23 पासून सलग तीन हंगाम कर भरलेला. म्हणजे रेषेच्या 2 कोटी वर गेलं तर साध्या संघाला सुमारे 4.67 कोटी कर बसतो, बॉस्टनला 8.67 कोटी. उरलेल्या जागा सगळ्यात स्वस्त करारांनी भरल्या असत्या तरी शेवटचा डॉलर आठ डॉलरच्या वरच्या दरात पडत होता. पगार आणि कर मिळून 50 कोटी डॉलरच्या पलीकडे जाण्याचा अंदाज येत होता तो यामुळे.

म्हणून ट्रेडमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीत, किती पगार वाचला हे बघून काही कळत नाही. तो कोणत्या टप्प्यातला वाचला, ते बघायचं. हॉलिडेच्या बदल्यात पोर्टलंडकडून अँफर्नी सायमन्स आला. पगारातला फरक फक्त 47 लाख डॉलर. करासकट धरला तर 4 कोटींच्या आसपास. शिवाय हॉलिडे पस्तिशीचा, त्याच्या कराराची तीन वर्षं आणि 10.4 कोटी बाकी. सायमन्सचा करार 2025-26 च्या अखेरीस संपणारा. मला विचाराल तर उन्हाळ्यातला हा सर्वांत शहाणा सौदा. बचाव गेला हे खरं आहे, आणि हॉलिडेसारखा बचाव सायमन्स सात जन्मांत करणार नाही. पण 2027-28 मध्ये सदतिशीतल्या माणसाला पावणेचार कोटी देण्याचं ओझंही गेलं.

पोर्झिंगिसचं वेगळं. त्याचा करार तसाही एकाच वर्षाचा उरला होता. अटलांटा आणि ब्रुकलिनला घेऊन केलेल्या तिहेरी सौद्यात त्याच्या जागी 82 लाखांचा जॉर्ज नियांग आला, पगारात सव्वादोन कोटी वाचले, आणि मग नियांगलाही दुसऱ्या फेरीच्या दोन निवडी (नवोदित खेळाडू निवडायचे हक्क) पदरच्या घालून यूटाकडे पाठवलं. ही निव्वळ एका वर्षाची करबचत आहे. भविष्यासाठी केलं वगैरे इथले पत्रकार म्हणतात, ते या सौद्यापुरतं मला पटत नाही. सव्वादोन कोटींची 'ट्रेड एक्सेप्शन', म्हणजे बदल्यात पगार न देता तेवढ्या पगाराचा खेळाडू घ्यायची सवलत, हाती लागली खरी, पण ती वापरायची म्हणजे पगार पुन्हा वर न्यायचा. तोवर ती कागदावरची श्रीमंती.

मग एकच मोठा सौदा का नाही केला? दोघांचे पगार एकत्र बांधून एखादा तगडा सेंटर, म्हणजे बास्केटखाली खेळणारा उंच खेळाडू, आणायचा. तर दुसऱ्या एप्रनवरच्या संघाला दोन पगार एकत्र बांधता येत नाहीत, दिलं त्यापेक्षा जास्त घेता येत नाही, सौद्यात रोख रक्कम देता येत नाही. वर सात वर्षांनंतरची पहिल्या फेरीची निवड गोठते, म्हणजे ती सौद्यात देता येत नाही. बॉस्टनची 2032 ची अशीच अडकून पडली आहे. ती सोडवायची तर पुढच्या चारपैकी तीन हंगाम दुसऱ्या एप्रनच्या खाली काढावे लागतात. पैसेवाल्या मालकालाही ही निवड विकत घेऊन सोडवता येत नाही. तेव्हा मालकानं खिसा मोकळा सोडावा म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं, कोणता खिसा?

आता घरच्या वादाकडे. आयपीएलमध्ये असला कर नाही. तिथं पर्स आहे, 2026 साठी 125 कोटींची, आणि तिच्यावर जाताच येत नाही. कोलकात्यानं वेंकटेश आणि आंद्रे रसेलसकट अनेकांना सोडून 64.3 कोटी मोकळे केले, ते 16 डिसेंबरला अबू धाबीत बोली लावण्यासाठी. मालकानं ते घरी नेले असं समजणं म्हणजे लिलावाचा पहिला नियमच न कळणं. जडेजाचे 4 कोटी कमी झाले तेही त्याच पर्सच्या गणितातले. मुंबईनं पालघरचा शार्दूल ठाकूर लखनौकडून 2 कोटींत रोखीनं घेतला, बदल्यात खेळाडू दिला नाही. आणि एक गोष्ट तिकडची जास्त सभ्य आहे, ती कबूल करायला हवी. आयपीएलच्या ट्रेडला खेळाडूची संमती लागते. हॉलिडेला कुणी विचारलं नाही. करारात तसं खास कलम असल्याशिवाय इथं सहसा विचारत नाहीत. खेळाडूंचा बाजार मांडला म्हणून गळा काढायचा असेल तर तो न्यूयॉर्कच्या, एनबीएच्या मुख्यालयाच्या दिशेनं तोंड करून काढावा.

काटकसर चुकते, तीही फार चुकते. ऑक्टोबर 2012 मध्ये ओक्लाहोमा सिटीनं जेम्स हार्डनला ह्यूस्टनला दिलं. मागणी आणि देकार यांच्यातला फरक चार वर्षांत मिळून काही दशलक्ष डॉलरचा होता. बदल्यात केव्हिन मार्टिन, जेरेमी लॅम्ब आणि काही निवडी आल्या, ज्यांतल्या एकीतून पुढे स्टीव्हन ॲडम्स मिळाला. पण हार्डन तेव्हा तेवीस वर्षांचा होता, चढता. चढत्या वयाचा माणूस करापोटी द्यायचा नाही, उतरत्या वयाचा दिला तर चालतो, एवढं साधं आहे हे. बॉस्टननं ब्राऊन किंवा व्हाइट दिला असता तर मीही तिकडच्यांच्या सुरात सूर मिसळला असता.

बॉस्टनचं चुकलं असेल तर ते सेंटरच्या जागी. पोर्झिंगिस, हॉरफर्ड, कॉर्नेट हे तिघेही एकाच उन्हाळ्यात गेले आणि बास्केटखालची जबाबदारी नेमियास केटावर आली. कॉर्नेटला सॅन अँटोनिओनं चार वर्षांचे 4.1 कोटी दिले, म्हणजे वर्षाला कोटीभर. एवढं परवडलं नसतं का? हंगाम सुरू होताना संघ कररेषेच्या सुमारे 1.2 कोटी वर होता, म्हणजे साधारण 3.9 कोटी कर. बाकी सगळं तसंच धरून त्यात कॉर्नेटचा एक कोटी मिळवला की कर जातो 10 कोटींवर, आणि एकूण पगार पुन्हा दुसरा एप्रन ओलांडतो. एक कोटीचा माणूस सात कोटींना पडतो. तरी जागा रिकामी राहिली ती राहिलीच, आणि टेटम पायाची अकिलीस शीर तुटून बसलेला असताना ती जास्त दिसली.

तुम्ही म्हणाल, हा तर मालकाची वकिली करतोय. संघ 6.1 अब्ज डॉलरला विकला गेला. नव्या मालकाचं, बिल चिझमचं, माझ्यावाचून काही अडलेलं नाही. वाचलेल्या पैशातून गार्डनचं, म्हणजे सेल्टिक्स खेळतात त्या स्टेडियमचं, तिकीट एका डॉलरनंही उतरलेलं नाही. गार्डन तर सेल्टिक्सच्या मालकीचंही नाही, तिथं ते भाडेकरू. तरीही कंजूष हा शब्द मला झोंबतो, आणि का झोंबतो याचं उत्तर करपट्टीत नाही. इथल्या माणसाला बापाकडून सेल्टिक्सचे जुने दिग्गज, बिल रसेल मिळतो, लॅरी बर्ड मिळतो. तिकडच्याला वानखेडे जन्मापासून मिळतं. बाहेरून येऊन ज्यानं हा संघ आपला म्हटला, त्याच्या वाट्याला आठवणी येत नाहीत, करारांचे तक्ते येतात. तेवढीच जी मालमत्ता आहे तिला कुणी दुरून हसलं की माणूस आकडे घेऊन भांडायला उठतो. मुंबईच्या रणदिव्यांनी सॅक्रामेंटोचा संघ घेतला तेव्हा तिकडे पेढे वाटल्यासारखा आनंद होता. त्यांच्या संघाच्या पगारपत्रकाबद्दल मात्र कधी कुणी एक प्रश्न विचारत नाही.

पुढची कसोटी होती ती 5 फेब्रुवारी 2026 ला. कर मोजला जातो तो नियमित हंगामाच्या अखेरीच्या पगारावर, आणि मोठे सौदे करायची शेवटची तारीख ही होती. रेषेखाली यायला 1.2 कोटी कमी व्हायला हवे होते. बॉस्टनकडे त्यासाठी सोयीचा करार एकच होता, सायमन्सचा 2.77 कोटींचा. त्याच्या बदल्यात दीड कोटीच्या आसपासचा सेंटर आला तर एका दगडात दोन्ही कामं होणार होती, वर कर न भरणाऱ्या संघांना कराच्या रकमेतला वाटा मिळतो तोही पदरात पडणार होता. फक्त एकाच हंगामानं रिपीटरचा शिक्का पुसला जात नाही. 2026-27 साठी मागच्या चारांत तीन करवर्षं उरतातच, म्हणून ते वर्षही रेषेखालीच काढावं लागेल, आणि त्या वर्षी टेटम तंदुरुस्त असेल.