तिन्ही आयसी ३.६ व्होल्टवरच कसे जातील?

"मामा, तिसरा पण गेला." नागपूरहून भाचीचा फोन. डिप्लोमाचं प्रोजेक्ट: एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर, पुढे त्याचा सिग्नल वाढवणारा एलएम३५८ (पोटात दोन ऑप-अँप, म्हणजे अँप्लिफायर, असलेला आयसी), गेन म्हणजे वाढ ११ पट, सप्लाय ५ व्होल्ट. जानेवारीत नीट चालणारं सर्किट मे महिन्यात ३.६ व्होल्टवर अडकून बसलं. वर्गात फिरणारा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज सांगतो: आउटपुट गणिताप्रमाणे आला नाही की आयसी गेला समजा, बदला, ३५८ नसेल तर ७४१ हा दुसरा ऑप-अँप लावा, पिना सारख्याच, न वापरलेला अर्धा भाग मोकळा सोडा, आणि बाजारात डुप्लिकेट माल फार आहे. हे वाचून पोरीने सबमिशनच्या आठवड्यात दोन दिवस वाया घालवले!

अहो, तीन वेगवेगळे आयसी जातात आणि तिन्ही ३.६ वरच थांबतात? तिघांचा आकडा एकच येतो, तेव्हा दोष आयसीत शोधायचाच नसतो. एलएम३५ अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. ४३ अंशांना ०.४३ व्होल्ट, गुणिले ११ म्हणजे ४.७३. पण एलएम३५८ चा आउटपुट सप्लायपर्यंत पोचतच नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची डेटाशीट उघडा: सप्लायपेक्षा दीड व्होल्ट कमी, तेवढीच हमी. पाचातून दीड गेले, उरले साडेतीन. बत्तीसएक अंशांपुढे हे सर्किट अडकणारच, आणि नागपूरचा मे म्हणजे काय ते सांगायला नको.

फोनवरच तिला मल्टीमीटर लावायला सांगितला. पिन ३ वर, म्हणजे सेन्सरच्या इनपुटवर, ०.४३; पिन २ वर, म्हणजे आउटपुटचा ठरावीक हिस्सा परत येतो (हाच फीडबॅक) त्या इनपुटवर, ०.३३. आउटपुटला वर जायला जागा असती, तर फीडबॅकने हे दोन आकडे जवळजवळ सारखे ठेवले असते. ०.३३ गुणिले ११ केले की पुन्हा ३.६ च येतात. म्हणजे रेझिस्टर ठीक, आयसीही जोर लावतोय, फक्त डोकं छताला टेकलंय. पिन २ आणि ग्राउंडमधला १ के (१००० ओहम) चा रेझिस्टर काढून २ के लावला, गेन ६ झाला, आउटपुट २.५८ आला. आउटपुटवरून तापमान काढणाऱ्या कोडमध्ये ११ च्या जागी ६ केलं, काम झालं.

७४१ चा सल्ला तर निव्वळ घातक. ३५८ चा सप्लाय पिन ८ वर, आउटपुट पिन १ वर. ७४१ चा सप्लाय ७ वर, आउटपुट ६ वर, आणि ८ कशालाच जोडलेली नसते. म्हणजे ३५८ च्या जागी ठेवलेल्या ७४१ ला वीजच मिळत नाही. उलट ७४१ च्या जागी ३५८ बसवला, तर दुसऱ्या ऑप-अँपच्या आउटपुटवर थेट सप्लाय जातो. तेव्हा मात्र आयसी खरंच जाऊ शकतो. वायरिंग बदलून ७४१ लावला तरी ५ व्होल्टच्या सिंगल सप्लायवर ०.४३ व्होल्टचा इनपुट त्याच्या आवाक्यात येत नाही.

मोकळा अर्धा भाग: पिन ७ आणि ६ एकमेकींना जोडा, ५ ग्राउंडला. मोकळं सोडू नका.

डुप्लिकेट माल असतो, हे मान्य करावंच लागतं. पण मग तपासा ना! पिन १ आणि २ जोडा, सप्लाय आणि ग्राउंडमध्ये १० के चे दोन रेझिस्टर एकापाठोपाठ लावून त्यांच्या मधून पिन ३ ला २.५ व्होल्ट द्या, पिन १ वर तेवढेच यायला हवेत. भाचीने कचऱ्याच्या डब्यातून आधीचे दोन आयसी काढून असे लावले. दोघांनीही २.५ दिले.