एकांताला पंक्चर

चाळीत वाढलेल्या माणसाला एकांताचं भारी आकर्षण असतं, कारण तो त्याने कधी पाहिलेलाच नसतो. म्हणून कॅनडात आल्यावर जूनमध्ये मी एकट्यानेच डेम्पस्टर हायवेवर गाडी घातली. युकॉनमध्ये डॉसन सिटीजवळ सुरू होणारा हा खडीचा रस्ता साधारण 736 किलोमीटर जाऊन इनुविकला टेकतो. वाटेतला पहिला पेट्रोल पंप 369व्या किलोमीटरला, ईगल प्लेन्सला. आईला फोनवर हे सांगितलं, तर ती म्हणाली, "मग निघायच्या आधी जाऊन ये हो."

टूमस्टोनचे काळे सुळके मागे पडेपर्यंत एकांत छान वाटला. मग तो अंगावर यायला लागला. मोबाइलला रेंज नाही, समोरून गाडी नाही. शेवटी स्वतःशीच भेंड्या खेळलो आणि स्वतःलाच 'ण' देऊन अडकवलं.

289व्या किलोमीटरच्या खांबापाशी मागून फटफट आवाज आला. इथली जमीन खाली कायम गोठलेली. ती वितळून रस्ता खचू नये म्हणून वर खडीची जाडजूड गादी घातलीय, आणि त्या खडीत सुरीसारख्या धारेचे दगड. म्हणजे जमिनीची झोपमोड होऊ नये म्हणून बळी माझ्या टायरचा!

स्टेपनी अर्थातच सगळ्या सामानाच्या तळाशी. तंबू, कुकर, तांदूळ, लसणीच्या चटणीची बरणी (अस्वलांना वास जाईल म्हणून ती तंबूत न्यायची नाही, त्यामुळे गाडीच फोडणीत पडल्यासारखी झाली होती) असा सगळा संसार रस्त्यावर मांडला. रात्रीचे नऊ वाजलेले, ऊन टळटळीत, आणि डास असे की जॅक फिरवू की स्वतःच्या थोबाडीत मारू, कळेना.

तेवढ्यात एक पिकअप थांबला. या रस्त्यावर कुणी थांबलेलं दिसलं की विचारपूस केल्याशिवाय पुढे जायचं नाही, अशी रीत आहे. आजोबा उतरले, वाकून बघत म्हणाले, "जॅक चुकीच्या जागी लावलायस." मग एक मोटरसायकलवाला आला. त्याच्या मते आजोबांनी दाखवलेली जागा चुकीची. मग कॅम्परमधून एक जोडपं उतरलं. त्यातल्या आजींनी कॉफी दिली, चटणी हुंगली, आणि स्टेपनी बसल्यावर तिला अंगठ्याने दाबून म्हणाल्या, "हवा कमी वाटतेय." कमरेवर हात ठेवून उभी असलेली चार माणसं आणि नट पिळणारा मी. फक्त कोपऱ्यावर चहाची टपरी नव्हती, एवढंच.

सगळे निघाले. पुढचे ऐंशी किलोमीटर मी आजोबांची धूळ खात, त्यांचे मागचे लाल दिवे नजरेआड होऊ न देता गाडी हाकली. मध्ये एकदा ते जरा जोरात पुढे निघून गेले, तर मला चक्क त्यांचा राग आला.