सिव्हिल डिप्लोमाची तीन वर्षं वाया जात नाहीत

दहावीचा निकाल लागला की दर वर्षी तोच मजकूर फोनवर फिरू लागतो. सिव्हिल इंजिनिअरिंगचा (बांधकामाचा) डिप्लोमा म्हणजे कमी मार्क पडलेल्यांची सोय. त्यात वर्षं वाया जातात. सरकारी नोकरी डिग्रीवाल्यालाच मिळते. मोजमाप आणि ड्रॉइंग आता सॉफ्टवेअर करतं. पगार मजुराएवढा. मुलींनी तर तिकडे फिरकूच नये. तेव्हा गुपचूप अकरावी सायन्स घ्या आणि बी.टेक. करा.

मी तंत्रनिकेतनातून सिव्हिल केलं, बारा वर्षं साइटवर काढली आणि आता प्रात्यक्षिकं घेते. हा मजकूर वाचून पालक मुलाचा अर्ज मागे घेतात, हे डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून लिहिते आहे.

आधी वर्षांचा हिशेब. दहावीनंतर बारावीची दोन आणि पदवीची चार, झाली सहा. डिप्लोमाची तीन आणि थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन पदवीची तीन, तीही सहाच. यात वाया काय गेलं? उलट एकोणिसाव्या वर्षी हातात एक कामाचा दाखला येतो. वडील आजारी पडले, शेती बुडाली, तर मुलगा त्यावर नोकरी धरू शकतो. नुसत्या बारावीच्या गुणपत्रिकेवर तशी नोकरी कोणी देत नाही. थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश डिप्लोमाच्या मार्कांवर होतो, त्यासाठी सीईटी नाही. अडचण आहे ती गणिताची. पदवीच्या दुसऱ्या वर्षाचं गणित आमच्या मुलांना जड जातं, पहिल्या सत्रात बऱ्याच जणांचा तो विषय राहतो. त्यावर उपाय आहे: डिप्लोमाच्या शेवटच्या सत्रापासूनच इंटिग्रेशन पुन्हा हाताखालून घालायचं.

सरकारी नोकरीबद्दलचं विधान तर सरळ चूक आहे. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या २०२३ च्या भरतीत कनिष्ठ अभियंता (स्थापत्य) पदाची अर्हता तीन वर्षांची पदविका हीच होती आणि वेतनश्रेणी ३८,६००–१,२२,८००. केंद्रात स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या (एसएससी) कनिष्ठ अभियंता परीक्षेला आणि रेल्वेतल्या त्याच पदालाही डिप्लोमा चालतो. या जागांना डिग्रीवालेही अर्ज करतात, त्यामुळे चुरस मोठी असते. पण दार बंद आहे, असं सांगणं मुलांची दिशाभूल करणं आहे.

आता सॉफ्टवेअर. स्लॅबचा दिवस आठवा. दुपारचे साडेतीन, आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची, तिसरी गाडी लागलेली, पंपवाला खालून ओरडतो, “मॅडम, माल घट्ट आहे, दोन बादल्या पाणी मारतो!” मुकादमही त्याच्याच बाजूचा, कारण त्याला दिवस बुडायच्या आत माणसं सोडायचीत. त्या क्षणी कुणीतरी स्लंप कोन मांडायचा असतो. ३० सेंटिमीटर उंच, खाली २० आणि वर १० रुंद असा पत्र्याचा साचा. माल थराथराने भरायचा, प्रत्येक थराला सळईचे २५ ठोके द्यायचे, साचा सरळ वर उचलायचा आणि माल किती बसला ते मोजायचं. पाच मिनिटांचं काम. त्यावर ठरतं की माल खरंच घट्ट आहे की माणसं थकलीत. पाणी मारलं तर माल छान पळतो, पण काँक्रीटची ताकद उतरते. ती उतरल्याचं कागदावर येतं २८ दिवसांनी, त्याच काँक्रीटचा तपासणीसाठी भरलेला ठोकळा, म्हणजे क्यूब, मशीनखाली फुटल्यावर. तोवर वरच्या मजल्याचं सेंट्रिंग चढलेलं असतं. एम २५, म्हणजे ठरलेल्या ताकदीचं, काँक्रीट धरून आकडेमोड करणाऱ्या सॉफ्टवेअरला त्या दोन बादल्या कधीच कळत नाहीत.

रिंगांचंही तेच. भूकंपाच्या नियमाप्रमाणे कॉलमच्या उभ्या सळयांना बांधून ठेवणाऱ्या रिंगेचा आकडा (टोकाचा हूक) १३५ अंशांत आत वळवायचा असतो. फिटर घाईत तो ९० वर सोडून देतो. हादऱ्यात सळयांवरचा काँक्रीटचा थर, म्हणजे कव्हर, उडालं की ९० अंशांचा आकडा उघडतो आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. ड्रॉइंगमध्ये आकडा बरोबरच काढलेला असतो. काँक्रीट पडायच्या आधी कॉलमपाशी उकिडवं बसून, बोट घालून रिंगा बघणारं माणूस लागतं. टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्रसुद्धा मिलिमीटरपर्यंत बरोबर सांगतं, पण ज्या बेंचमार्कवरून, म्हणजे उंचीच्या ठरलेल्या खुणेवरून, सुरुवात केली तोच चुकला असेल तर सगळी इमारत त्याच चुकीवर उभी राहते. ही नजर आम्ही मुलांना सोळा-सतरा वर्षांच्या वयात देतो, उंची मोजायचं लेव्हल यंत्र लावून, चिखलात सर्व्हे कॅम्प करून. इतक्या लवकर ती मिळणं हे मला या शिक्षणाचं सगळ्यात मोठं बळ वाटतं.

पगाराचा मुद्दा खरा आहे. खासगी ठेकेदाराकडे सुरुवातीचा पगार कमी असतो, दिवस लांब असतो, आणि कुशल सेंट्रिंगवाला महिन्याला नव्या सुपरवायझरपेक्षा जास्त घेऊन जातो. माझ्याही पहिल्या ठेकेदाराने तीन महिन्यांचा पगार थकवला होता. पण बी.टेक. सिव्हिल होऊन त्याच साइटवर आलेल्या मुलाचा आकडाही फार वेगळा नसतो. हा या धंद्याचा दोष आहे आणि त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. बिलिंग, बारबेंडिंग शेड्यूल (सळया कापण्या-वाकवण्याची यादी) आणि क्वालिटीचं काम शिकलेल्यांना मी दोन-तीन वर्षांत वर सरकताना पाहिलंय. नुसती हजेरी घेत राहिले ते तिथेच राहिले.

मुलींबद्दल. साइटवर मुलींना खरा त्रास होतो तो स्वच्छतागृह नसण्याचा आणि संध्याकाळी परतायच्या गाडीचा. दोन्ही गोष्टी ठेकेदाराने करायच्या असतात, त्यासाठी मुलीने घरी का बसायचं? माझ्या साइटवरचे गवंडी पहिल्या आठवड्यात हसले. एका भिंतीचा ओळंबा चुकलेला मी दाखवला, त्यानंतर स्वतःहून विचारायला येऊ लागले.

राहिला ‘कमी मार्कांचा’ टोमणा. पुण्यात १८५४ साली इंजिनिअरिंगचा जो वर्ग सुरू झाला, ज्याचं पुढे सीओईपी हे अभियांत्रिकी महाविद्यालय झालं, तो सुरूच झाला होता बांधकाम खात्याचे दुय्यम अधिकारी घडवायला. इमारती, धरणं, कालवे, पूल प्रत्यक्ष उभे करून घेणारी माणसं हवी होती, म्हणून. आमच्या वर्गात ५० टक्क्यांचाही मुलगा असतो आणि ९२ चाही. दोघांचे क्यूब एकाच मशीनखाली फुटतात.

मात्र सगळी तंत्रनिकेतनं सारखी नाहीत. काही ठिकाणी क्यूब फोडायचं मशीन कापडाखाली झाकून ठेवलेलं असतं आणि जर्नल मागच्या वर्षीचं पाहून उतरवलं जातं. प्रवेशाच्या अर्जात पर्याय भरायच्या आधी मुलाला घेऊन तिथे एक चक्कर मारा. प्रयोगशाळा उघडून दाखवा म्हणा. स्लंप कोनाला आतून जुनं सिमेंट चिकटलंय का ते बघा. मशीन शेवटचं कधी चाललं ते विचारा, आणि कार्यालयात नको, तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा.