पाइपमधले तेल म्हणजे टर्बो संपल्याचा पुरावा नव्हे

डिझेल गाडीचा पिकअप कमी झाला आणि काळा धूर येऊ लागला, तर टर्बोला (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंपाला) जोडलेला रबरी पाइप काढून पाहा. आत तेल दिसले, टर्बोची चाके ज्यावर बसतात तो दांडा, म्हणजे शाफ्ट, बोटाने हलला आणि स्कॅनरने कमी बूस्टचा (टर्बोने दिलेला हवेचा दाब कमी असल्याचा) कोड दाखवला, की टर्बो गेला असे समजा आणि बदलून टाका, असा सल्ला सध्या सर्रास फिरतो आहे. त्यातली प्रत्येक खूण खरी आहे, म्हणूनच तो पटतो. मात्र यातली एकही खूण केवळ टर्बोची नाही, आणि दोन तर निरोगी टर्बोतही आढळतात.

तेलापासून सुरुवात करू. इंजिनाच्या क्रँककेसमध्ये (सिलिंडरांखालच्या कप्प्यात) साठणारी वाफ बाहेर न सोडता ब्रीदर पाइपमार्फत पुन्हा हवेच्या मार्गात आणलेली असते, आणि ती एअर फिल्टर व टर्बोचा कॉम्प्रेसर (हवा दाबणारा भाग) यांच्या मधोमध मिसळते. तिच्यासोबत तेलाचे सूक्ष्म थेंब येतात, ते कॉम्प्रेसरमधून पुढे जातात आणि पाइपच्या भिंतींवर व इंटरकूलरच्या (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) तळाशी चिकटतात. त्यामुळे बरीच धावलेल्या गाडीत पाइपला आतून तेलाचा पातळ थर असणे हेच स्वाभाविक आहे. तेल साचून वाहत असेल तर मात्र गंभीर बाब आहे. पण तेव्हाही दोष टर्बोचाच आहे असे म्हणता येत नाही. टर्बोतले तेल स्वतःच्या वजनाने खाली ऑइल संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठते तिथे, परतते, आणि त्याच्या शाफ्टवरची सील ही रबरी सील नसून पिस्टन रिंगसारखी धातूची कडी असते, जी दोन्ही बाजूंच्या दाबातील फरकाच्या आधारे तेल अडवते. परतीचा पाइप कार्बनने अरुंद झाला, किंवा झिजलेल्या पिस्टन रिंगांमुळे क्रँककेसमधला दाब वाढला, तर तेलाला खाली जायला वाट उरत नाही आणि ते सीलमधून बाहेर पडते. अशा इंजिनावर नवा टर्बो बसवला तर तोही तेल टाकू लागेल, आणि मग दोष नव्या टर्बोच्या दर्जाला दिला जाईल. म्हणून आधी इंजिन आयडलवर ठेवून तेल भरायचे झाकण काढावे आणि तिथून धुराचे जोरदार झोत येतात का, ते पाहावे. त्यानंतर ब्रीदर व परतीचा पाइप तपासावा.

शाफ्ट हलतो, हा दुसरा पुरावा सर्वांत जास्त दिशाभूल करणारा आहे. बहुतेक टर्बोंमध्ये शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगणाऱ्या बेअरिंगमध्ये फिरतो आणि त्याचा वेग मिनिटाला १,००,००० फेऱ्यांच्या वर जातो. तेलाला जागा हवी म्हणून तिथे फट मुद्दाम ठेवलेली असते. इंजिन बंद असताना त्या फटीत तेलाचा दाब नसतो, त्यामुळे बोटाने ढकलल्यावर शाफ्ट आडवा थोडा हलणारच. (बॉल बेअरिंगच्या टर्बोत ही हालचाल बरीच कमी असते.) पाहायचे आहे ते वेगळेच: शाफ्टच्या लांबीच्या दिशेने पुढे-मागे होणारी हालचाल हाताला जवळजवळ जाणवू नये, आणि शाफ्ट बाजूला दाबून फिरवला तरी टर्बोच्या चाकाची पाती बाहेरच्या आवरणाला घासू नयेत. पाती घासल्याच्या खुणा असतील किंवा त्यांच्या कडा तुटल्या असतील, तर वाद मिटला.

काळ्या धुराविषयीचे अनुमान तर अनेकदा उलटे निघते. काळा धूर म्हणजे जळणाऱ्या डिझेलच्या मानाने हवा कमी पडणे. ज्या इंजिनांत एअर फिल्टरच्या पुढे हवा मोजणारा सेन्सर असतो, तिथे टर्बो खरोखर निकामी झाला तर आत येणारी हवाच कमी मोजली जाते, त्यानुसार कंट्रोल युनिट (इंजिन चालवणारा संगणक) डिझेल कमी करते आणि गाडी फारसा धूर न करता नुसती मंद पडते. याउलट टर्बोनंतरचा रबरी पाइप फाटला असेल, तर मोजली गेलेली हवा वाटेतच निसटते, डिझेल मात्र तिच्या हिशोबाने सोडले जाते, आणि धूर काळा होतो. उघडा अडकलेला इजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणारी झडप) आणि बिघडलेले इंजेक्टरही हेच करतात. निळा धूर तेल जळत असल्याचे सांगतो, पण ते टर्बोतून आले की रिंगांमधून, हे सांगत नाही. शिवाय डीपीएफ, म्हणजे एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या गाडीत धूर बाहेर दिसेलच असेही नाही.

राहिला कोड. पी ०२९९ या कोडचा अर्थ इतकाच, की मागितलेल्या बूस्टपेक्षा मिळालेला बूस्ट कमी आहे. इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली असता इनटेकच्या दाबाचा सेन्सर बाहेरच्या हवेइतकाच, म्हणजे समुद्रसपाटीला सुमारे १०० किलोपास्कल आणि २,००० मीटर उंचीवर सुमारे ८० किलोपास्कल, आकडा दाखवायला हवा. तो तसा नसेल तर शंका सेन्सरवर किंवा त्याच्या वायरिंगवर घ्यावी. त्यानंतर हवेचा मार्ग दाबाखाली ठेवून गळती शोधावी, व्हॅक्यूमवर चालणारा ॲक्चुएटर (टर्बोचा बूस्ट कमी-जास्त करणारा भाग) असेल तर हातपंप लावून त्याचा दांडा अडखळत नाही ना आणि व्हॅक्यूम टिकतो ना, हे पाहावे. कडक झालेली किंवा भेगाळलेली बारीक व्हॅक्यूम नळी टर्बोइतकाच बूस्ट घालवू शकते. आणखी एक साधी खूण आहे: गाडी बंद करून पुन्हा सुरू केल्यावर ताकद काही काळ परत येत असेल, तर बहुधा कंट्रोल युनिटने लिम्प मोड लावला होता, म्हणजे इंजिनाच्या बचावासाठी ताकद मुद्दाम कमी केली होती, कारण मोडलेला टर्बो चावी फिरवून बरा होत नाही. अशा वेळी पी ०२३४, म्हणजे जास्त बूस्टचा कोड सापडला, तर टर्बोत एक्झॉस्टचा झोत वळवणाऱ्या आणि काजळीने अडकलेल्या हलत्या पात्यांकडे पाहावे. ती कधी कधी नुसत्या सफाईने मोकळी होतात.

शिट्टीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. हलकी शिट्टी अनेक टर्बोंची मूळचीच असते. फुसफुस गळतीकडे बोट दाखवते, आणि वेगाबरोबर चढत जाणारा, पूर्वी नसलेला भोंग्यासारखा आवाज मात्र टर्बोची चाके घासत असल्याचा असू शकतो.

टर्बो खरोखर निकामी होतात, हे मान्यच आहे; पण त्यामागे बहुधा तेलाची टंचाई, घाण तेल किंवा आत शिरलेली एखादी वस्तू असते. तेव्हा नवा टर्बो बसवण्याआधी तेलाचा पुरवठा करणारा पाइप बदलणे, तेल व फिल्टर नवे घालणे आणि पहिल्यांदा इंजिन सुरू करण्यापूर्वी टर्बोत तेल भरणे आवश्यक ठरते. सील फुटून तेल थेट इनटेकमध्ये ओतले जात असेल, तर गाडी अजिबात सुरू करू नये, कारण डिझेल इंजिन त्याच तेलावर अनावर धावू शकते आणि चावी बंद करूनही थांबत नाही. इंटरकूलरमध्ये साचलेले तेल आणि तुटलेल्या पात्यांचे तुकडे काढल्याशिवायही इंजिन सुरू करू नये, अन्यथा पुढच्या जोरदार ॲक्सिलरेशनला ते सिलिंडरमध्ये जातात.