आधी चाल तं नीट, बापा!

"सर, गिरकी कवा शिकवता?" टँगोच्या वर्गात दुसऱ्याच दिवशी पोरं विचारतात! अरे, टँगो हा जोडीचा नाच, अन् तो म्हणजे चालणं. पूर्ण वजन एका पायावर न्या, मगच दुसरा उचला. पण नाही! दोन्ही पायांवर वजन वाटून खांबासारखे उभे. जोडीदारणीला कळावं कसं, कोणता पाय मोकळा आहे? मग हातानं रेटतात. ती काय चिखलात फसलेली बैलबंडी आहे? इशारा छातीतून द्या ना! नजर मात्र बुटावर. मान वाकली की सारा भार तिच्या अंगावर.

त्यात यूट्यूबवरून आठ पावलांचा पाठ घोकून येतात, ज्याचं पहिलं पाऊलच मागं! फरशीवर सगळ्या जोड्या घड्याळाच्या काट्याच्या उलट गोल पुढं सरकतायत अन् हा मागच्याच्या अंगठ्यावर. डवरणीत बैल मागं हाकता का बे? आणि रबरी चपला घालून कोण गिरकी घेते? पाय चिकटते, गुडघा पिरगळते, मग म्हणे फरशीच खराब.