लॅपटॉप घ्यायला निघालात? आधी सिलॅबस लपवा

इंजिनिअरिंगच्या प्रवेशात, कॅप राउंडमध्ये सीट लागली, पेढे वाटून झाले, कॉलेजात कागदपत्रंही जमा झाली. आता वेळ घालवू नका, आज संध्याकाळीच लॅपटॉपचं मनावर घ्या. उशीर केलात तर कुणीतरी विचारणार, ‘ब्रँच कुठली? त्यात सॉफ्टवेअर कुठली लागतात?’ हा प्रश्न एकदा घरात शिरला की खरेदीची सगळी मजा गेली. अभ्यासक्रमाची पीडीएफ मागितली तर मिळते. सीनियर पोरं तर एका चहावर सांगून टाकतात, की पहिल्या वर्षी लॅपटॉपवर सी भाषेचे प्रोग्रॅम, पीपीटी आणि असाइनमेंट यापलीकडे फारसं काही होत नाही. म्हणून पीडीएफ मागायची नाही आणि सीनियरला चहा पाजायचा नाही.

यानंतर घरात समिती बसवा. लॅपटॉप वापरणारा सोडून बाकी सगळ्यांचं मत त्यात आलं पाहिजे. अध्यक्ष अर्थातच पुण्याचा दादा, हिंजवडीत आयटीत असलेला. शनिवारी रात्री तो हुतात्मा एक्स्प्रेसने सोलापुरात उतरेपर्यंत निर्णय रोखून धरा. दादाला कंपनीने लॅपटॉप दिलाय, स्वतःच्या पैशाने त्याने आजवर एकही घेतलेला नाही, हे मध्येच बोलून दाखवू नका. दादा म्हणणार, ‘प्रोसेसर इंटेलचा आय सेव्हनच घे, पुढची दहा वर्षं बघायला नको.’ शेजारच्या अण्णांचा धाकटा हैदराबादला असतो, तो फोनवर सांगणार, ‘इंटेल नको, एएमडीचा रायझन घे.’ काका म्हणणार, ‘आमच्या ऑफिसात आहे तोच घ्या, इतकी वर्षं झाली, अजून चालू आहे.’ चालू आहे हे खरंच. सकाळी बटण दाबून काका चहा पिऊन येतात, तोवर होतो चालू. आई तेवढी विचारेल, ‘डोळ्याला त्रास कमी कुठल्यात?’ चार वर्षं पोरगं ज्याच्याकडे बघत बसणार त्या स्क्रीनबद्दल समितीत आलेला हा एकमेव प्रश्न, त्यामुळे त्याला कुणी उत्तर देऊ नये. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच स्क्रीन उजळ दिसतात. तुमचा अडीचशे निट्सचा, म्हणजे कमी उजेडाचा निघाला, तर ते घरी खिडकीजवळ बसल्यावर कळेलच.

नवी पेठेत गेलात की पप्पांना पुढे करा. काउंटरवरचा पोरगा ‘या मालक’ म्हणून खुर्ची देईल, पाणी देईल, आणि सरळ स्टिकरवर बोट ठेवेल. तुम्हीही तेवढंच बघा. ‘आय सेव्हन’ हे दोन शब्द पुरेत, पुढचे आकडे वाचायचे नाहीत. कारण आकडे वाचले की घोटाळा होतो. २०१६ सालचा सातव्या पिढीचा आय सेव्हन ७५०० यू घ्या, त्यात कोअर, म्हणजे काम करणारे मेंदू, दोन. २०२२ सालचा बाराव्या पिढीचा आय थ्री १२१५ यू घ्या, त्यात सहा. रिफर्बिश्डच्या, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा विकायच्या जुन्या मालाच्या कपाटात पहिला असतो आणि त्याचं स्टिकर अजून चकाकत असतं. पण लग्नाच्या पंगतीत ‘पोराला आय सेव्हन घेतला’ हे एका दमात सांगता येतं. ‘आय थ्री घेतला, पण पिढी बारावी आहे’ हे समजावून सांगेपर्यंत समोरचा जिलेबीला निघून जातो.

रायझनवाल्यांनी उगाच हसू नये. ७५२० यू या नावात सात हजार आहेत म्हणून माल नवा समजून घेतलेले बरेच असतील. त्यातला तिसरा आकडा दोन, म्हणजे आतली रचना झेन टू, ती बाजारात आली २०१९ साली. कंपनीने आकड्यांचा अर्थ लपवलेला नव्हता. आपणच तो वाचायचा नसतो.

रॅम आठ का सोळा, असा विषय निघालाच तर ‘नंतर वाढवता येते’ हे दुकानदाराचं वाक्य ऐकून मान डोलवा. स्लॉट रिकामा आहे का, की रॅम बोर्डालाच सोल्डर केलीय, हे विचारणं शिष्टाचाराला धरून नाही. जोर वाचवा, तो पुढे लागणार आहे.

कारण घरी आल्यावर पप्पा लॅपटॉप उघडतील आणि ५१२ जीबीच्या जागी ४७६ दिसतील. इथे मात्र गप्प बसू नका. बिल घ्या, खोकं घ्या, गाडीला किक मारा आणि परत नवी पेठ गाठा. ‘छत्तीस जीबी काढून घेतला काय?’ असा आवाज टाका. काउंटरवरचा पोरगा सांगू लागेल, की डिस्क बनवणारे हजाराच्या हिशोबाने मोजतात, विंडोज एक हजार चोवीसच्या हिशोबाने, माल तेवढाच आहे. ऐकू नका. त्यानेही हे भांडण पाहून पाहून तोंडपाठ केलेलं असतं. तो मुकाट्याने एक माऊस, एक बॅग आणि वर्षभराचं अँटिव्हायरस काढून देईल. विंडोजमध्ये डिफेंडर आधीपासून फुकट बसलेला असतो, त्याच्या शेजारी हे दुसरं अँटिव्हायरस टाकायचं आणि ‘लॅपटॉप स्लो झालाय’ म्हणून दादाला फोन लावायचा.

गेमिंग लॅपटॉपचं थोडं वेगळं तंत्र आहे. तो मागताना ‘गेम’ हा शब्द काढायचा नाही, ‘मशीन लर्निंग’ म्हणायचं. पप्पा विचारतील, ‘कीबोर्डाला या लाल-निळ्या लाइटा कशाला?’ सांगायचं, ‘कूलिंगसाठी.’ गुगलच्या कोलॅबवर ब्राउझरमध्ये ग्राफिक्स कार्ड फुकट वापरायला मिळतं, शिकायला ते पुरतं, ही माहिती घरात पसरू देऊ नका. मग पहिल्या दिवशी अडीच किलोचा लॅपटॉप आणि विटेएवढा अडॅप्टर पाठीवर टाकून सिटी बसमध्ये चढा. वर्गात प्लग दोनच असतात आणि दोन्ही शेवटच्या बाकाजवळ. पुढे बसायची सवय त्यामुळे आपोआप सुटते.

उन्हाळ्याचं काय, असं विचारू नका. ॲपल आपल्या लॅपटॉपसाठी बाहेरचं तापमान १० ते ३५ अंश असावं म्हणते. ३५ अंश म्हणजे आमच्याकडे फेब्रुवारी सरतानाची दुपार. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ ला टेकतो, तेव्हा परीक्षा तोंडावर असते. मॅकबुक एअरमध्ये पंखा नाहीच, तो गरम झाला की निमूटपणे आपला वेग कमी करतो. सोलापुरी माणसासारखाच, दुपारी एक ते चार. ज्यांच्या लॅपटॉपला पंखा आहे त्यांनी तो पलंगावर, घरच्या जाड सोलापुरी चादरीवर ठेवावा. हवा आत घ्यायच्या जाळ्या बहुधा खालच्या बाजूला असतात, चादर त्या व्यवस्थित झाकते. पंखा मग पॉवरलूमसारखा आवाज करू लागतो, आणि घरच्यांना वाटतं पोरगं आत जोरात अभ्यास करतंय.

आता ऑपरेटिंग सिस्टिम. सगळ्यात सोपं विंडोज. ते घ्यावं लागत नाही, ते आलेलंच असतं. काही हजार वाचवायला डॉसवाला, म्हणजे विंडोजशिवायचा लॅपटॉप घेतलात तर मित्राच्या मित्राकडून पेनड्राइव्ह आणा, त्यात विंडोज असतं, ऑफिस असतं, क्रॅक असतो आणि आणखी काय काय असतं ते नंतर कळतं. ऑटोडेस्क कंपनी विद्यार्थ्यांना ड्रॉइंगचं ऑटोकॅड शिक्षणासाठी फुकट देते, कॉलेजचा दाखला जोडला की झालं. पण फुकट आणि कायदेशीर असं एकत्र मिळालं की आपल्याला त्यात काहीतरी खोट वाटते. दादाचा जुना लॅपटॉप घरात पडलाय? विंडोज टेनचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचे जवळपास सगळे प्रोसेसर विंडोज इलेव्हनच्या यादीत नाहीत. त्यात एसएसडी ही वेगवान डिस्क बसवून लिनक्स ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाकली तर सहज काही वर्षं निघतात, असं कुणी म्हणालं तर त्याला कंजूष म्हणा आणि भंगारवाल्याला हाक मारा.

मॅक घ्यायचा असेल तर ब्रँच मेकॅनिकल किंवा सिव्हिल हवी. मशीनच्या डिझाइनचं सॉलिडवर्क्स मॅकवर चालत नाही, इमारतींचं रेव्हिट चालत नाही. जुन्या इंटेलच्या मॅकवर बूट कॅम्पने विंडोज तरी टाकता यायचं, ॲपलच्या स्वतःच्या एम चिपवाल्यांवर तीही सोय नाही. म्हणजे लॅपटॉप चार वर्षं नव्यासारखा राहण्याची हमी.

राहता राहिलं लिनक्स. हे घ्यायचं झालं तर त्याचे उबुंटू किंवा मिंट हे सोपे प्रकार नकोत, त्यात सगळं पहिल्या दिवशीच चालू होतं आणि कुणी विचारत नाही. काली लिनक्स टाका. ते सुरक्षा तपासणाऱ्या जाणकारांसाठी आहे, लिनक्सशी ओळख नसलेल्यांसाठी नाही, असं ते बनवणारेच स्पष्ट लिहितात, पण त्यावर ड्रॅगनचं चित्र आहे. कॅन्टीनमध्ये टर्मिनलच्या काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं पळवा. कुणी ‘काय करतो बे?’ विचारलं तर हळू आवाजात ‘काही नाही’ म्हणा. प्रत्यक्षात वायफाय लागत नसतं, पण ते तुम्ही आणि टर्मिनल यांच्यातलं आहे. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने घरच्या साध्या ३८६ पीसीवर हे सगळं सुरू केलं. तुमच्याकडे त्याच्या हजारो पट मेमरी आहे, तेव्हा निदान वॉलपेपर तरी चांगला ठेवा.

एवढं सगळं पार पडल्यावर तुम्ही पहिल्या प्रॅक्टिकलला जाल, आणि सर सांगतील, सीचे प्रोग्रॅम चालवायला टर्बो सी टाकून घ्या. गेल्या शतकात बोर्लंड कंपनीने काढलेला तो निळा पडदा अनेक कॉलेजांत अजून ठाण मांडून आहे. तो सोळा बिटांचा डॉस प्रोग्रॅम, तुमच्या चौसष्ट बिटांच्या विंडोजवर सरळ चालतच नाही. मग डॉसबॉक्स टाकायचा, म्हणजे पाऊण लाखाचा लॅपटॉप तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या कॉम्प्युटरचं सोंग घेऊन बसतो, आणि त्यात दोन संख्यांची बेरीज होते. लिनक्सवाल्याकडे जीसीसी हा सीचा कंपायलर असतो, नवा, फुकट, जगभर वापरला जाणारा. पण सरांच्या प्रोग्रॅममधली पडदा पुसायची आज्ञा त्याला माहीत नाही, ती बोर्लंडच्या घरची. सर मागून येऊन बघतात आणि म्हणतात, ‘तुझ्या लॅपटॉपमध्येच प्रॉब्लेम आहे.’ वाद घालू नका, इंटर्नलचे मार्क त्यांच्याकडे आहेत.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्टचं ब्लॅक बुक, म्हणजे काळ्या बायंडिंगचा रिपोर्ट छापायची वेळ येते. विंडोज, मॅक का लिनक्स हा वाद तेव्हा कॉलेजच्या गेटसमोरचा झेरॉक्सवाला मिटवतो. त्याच्याकडे विंडोज सेव्हन आहे, ऑफिस २००७ आहे आणि मान वर करायला फुरसत नाही. मॅकवाल्याची पेजेसची, म्हणजे ॲपलच्या वर्डची फाइल तो ओळखतच नाही. लिनक्सवाल्याचा रिपोर्ट उघडतो, पण तक्ते पानाबाहेर पळालेले आणि आकृती क्रमांक चार आभाराच्या पानावर. आय सेव्हनवाल्याच्या पेनड्राइव्हमधली सगळी फोल्डरं व्हायरसने शॉर्टकट झालीत. सबमिशन अकराला, रांग रस्त्यापर्यंत, आणि सगळे आपापल्या लॅपटॉपची किंमत सांगून त्याच्यावर ओरडतायत. तो पेनड्राइव्ह उपसून परत हातात देतो.

‘उघडंना झालंय बे हे. पीडीएफ करून व्हॉट्सॲपवर टाक की, नंबर भिंतीवर लिहिलाय.’