'निखारा लाल झाला की शेगडी आत घ्या' म्हणे!

निफाडचा पारा उतरल्याची बातमी आली की आमच्या नाशिककडच्या ग्रुपांवर हा मेसेज हमखास येतो: 'कोळसा पूर्ण लाल होऊ द्या, धूर गेला की शेगडी झोपायच्या खोलीत घ्या, शेजारी पाण्याची वाटी ठेवा. आजीच्या काळचा बिनविजेचा हीटर!'

'धूर नाही म्हणजे धोका नाही.' सगळी गफलत इथेच आहे. धूर डोळ्यांना झोंबतो, म्हणून आपण उठून खिडकी तरी उघडतो. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो निघतो लालबुंद निखाऱ्यांतूनही. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 हून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, मग ऑक्सिजनला जागाच उरत नाही.

पाण्याची वाटी? हा वायू पाण्यात जेमतेम विरघळतो. वाटीने काहीही होत नाही.

'गुदमरलं तर जाग येईलच.' या भरवशावर झोपू नका. डोकं जड होतं, मळमळतं, ग्लानी येते. जागा माणूस म्हणतो पित्त झालंय, झोपलेल्याला तेही कळत नाही. घरात सगळ्यांचंच एकदम डोकं दुखायला लागलं तर ते पित्त नव्हे. कोविडात घेतलेला ऑक्सिमीटर बोटाला लावूनही खात्री होत नाही. साध्या यंत्राला हा वायू ऑक्सिजनसारखाच दिसतो, आकडा छान येतो.

राहिली आजी. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी असायची, तीवर ओवा-शेपांची धुरी, हे खरंच. पण ते घर कौलारू. कौलांच्या फटींतून चांदणं दिसायचं, भिंतीत झरोका, दार लावलं तरी खालून वारा यायचा. आपल्या फ्लॅटला स्लायडिंग खिडक्या, वर दाराखाली रबराची पट्टी. शिवाय 'तेव्हा कुणाला काही झालं नाही' हे कुणी मोजलं होतं? पहाटे न उठलेल्या म्हाताऱ्याबद्दल 'झोपेतच गेले, भाग्यवान' म्हणायची रीत होती.

शेकोटीशी माझं वैर नाही. निफाडचे बागायतदार द्राक्षं वाचवायला पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, पण त्या उघड्यावर. खोलीत दोन गोधड्या आणि गरम पाण्याची पिशवी घ्या. बंद न्हाणीघरातला गॅस गीझरही शेगडीच्याच जातीचा, बरं का.

कुणी निपचित दिसलं तर दारं-खिडक्या सताड उघडून आधी त्याला बाहेर काढा, 108 ला फोन करा, आणि खोलीत शेगडी होती हे डॉक्टरांना न विचारता सांगा.